रफू

आधी एका दिव्याचे सहा दिवे झाले.
मग तबरीझच्या बाजारात, घुमटाच्या भोकातून उतरणारा उजेड
कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत गेला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"उस्ता, बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढं आलंय.
दुसऱ्या कुणाचं लावावं लागेल."
मी विचारलं, "किती जुनं?"
त्या हसल्या. मी थट्टेत विचारलं नव्हतं.
जुन्या गालिच्याला जुनीच लोकर लागते,
नवी कितीही रंगवा, उन्हात नेली की चुगली करते.

"बावीस वर्षांचं. याहून जास्त सांगता येत नाही."

बावीस.
माझ्या खांद्यावरची शाल त्याहून जुनी आहे.

तिथं म्हणे रक्त पोचतच नाही,
म्हणून शरीर सहसा परक्याला हुसकून लावत नाही.
वाऱ्यावर आणि आसवांवर जगतं ते.

पट्टी सुटल्यावर त्यांनी माझाच डोळा
पडद्यावर ताटाएवढा करून दाखवला.
सोळा टाके, काळे, केसाहून बारीक,
चाकाच्या आऱ्यांसारखे; गाठी आत दडवलेल्या.
ताण सगळीकडे सारखा,
फक्त घड्याळात पाच असतात तिथला टाका
जरा जास्त ओढलेला. मी बोट ठेवलं.
बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हो. तोच आधी काढू."
वर्ष-दीड वर्षात सगळेच काढायचे,
आणि ठिगळ तरीही जागचं हलणार नाही म्हणे!
आमच्या धंद्यात हे कुणाला पटायचं नाही.

आठव्या महिन्यात दुकान उघडलं.
मजीदअगांचा शिकारीचा गालिचा अजून पडून होता,
सहा दिव्यांच्या काळात मीच सांधलेला.
गुडघे टेकून पाहिलं.
हरणाचा कान, डाळिंबी किनार, घोड्याचा लगाम.
काम सुरेख होतं.
माझं नव्हतं.

गाठी डावीकडे झुकलेल्या.
दुकानात डावखुरा एकच: यावर,
समोवराशी बसून चहात
नको इतकं लक्ष घालणारा.

किती रात्री उसवत बसला असेल हा माझं आंधळं काम,
आणि सकाळी गिऱ्हाइकांपुढची माझी फुशारकी ऐकत
मान डोलावत असेल.
दिसला तर तो रफू कसला,
हे मीच शिकवलं होतं त्याला.

सुई उचलली. नेढं लख्ख दिसत होतं,
नेढ्यातून पलीकडची भिंत,
भिंतीवरच्या माशीचे पायसुद्धा.

"यावर," म्हटलं, "जरा दोरा ओवून दे रे.
अजून नीट दिसत नाही मला."