पितळी पाटी

वकिलात बंद झाली तेव्हा
साहेब मोटारीने गेले, फायली पेट्यांतून गेल्या.
दारावरची पितळी पाटी मात्र
कुणाच्याच यादीत नव्हती.
पुरसो शिपायाने चार स्क्रू काढले,
ती गोणपाटात गुंडाळली, कॅसलरॉकपर्यंत पायी
आणि पुढे मालगाडीने लोंढ्याला आणली.

पाण्याच्या टाकीमागे त्याची खोली, आमच्याला लागून.
पाटी आहे म्हणजे वकिलात आहे,
असं लोकांनीच ठरवलं.

पाववाला इनास आला: बायको म्हापशात, तिचं बाळंतपण तोंडावर.
रामनगरचा एक म्हातारा आला,
बंदरावर बावीस वर्षं हमाली करून पेन्शन तिकडे अडकलेला.
पुरसो म्हणायचा, "माझ्याकडे शिक्का नाय गा."
तरी नाव लिहून घ्यायचा,
वहीत, पेन्सिलीने, गावासकट.

तिकडे दोन राजधान्यांत पत्रं चालली होती:
कॉन्सुल म्हणायचं की नुसता प्रतिनिधी,
झेंडा दारावर की गच्चीवर.
शेवटी आमच्या वतीने बोलायला
तिसराच देश नेमला गेला,
ज्याने लोंढा नकाशातही पाहिला नसेल.

आईचं माहेर वाळपई.
आजोबा गेले हे तिला
कणकुंबीच्या एका गुराख्याने येऊन सांगितलं,
तिसऱ्या दिवशी, उंबऱ्याबाहेर उभं राहून.
तिचा अर्ज तेव्हा दिल्लीच्या वाटेवर होता.
परवाना सात महिन्यांनी आला.
कारण: आजारी वडिलांची भेट.
मुदत: तीन दिवस.
आईने तो डब्यात ठेवला, रेशनकार्डाखाली.
गेली नाही.

उन्हाळ्यात पुरसोची बायको
पाटीला तेल लावून तिच्यावर सांडगे घालायची.
पितळ तापतं लवकर.
वाळल्यावर सांडग्याच्या पाठीवर
सरकारची उलटी अक्षरं उमटायची,
कधी सिंहाचा एखादा पाय.
आम्ही पोरं अक्षर बघून वाटणी करायचो,
तळून, भाताबरोबर खायचो.

पुढे सरहद्दच गेली. पुरसो वही घेऊन
बेळगावच्या कचेरीत गेला, जमा करायला.
कारकुनाने विचारलं, कुठल्या खात्याची?
मग विचारलं, अर्ज कुठल्या भाषेत आहे?

तो संध्याकाळच्या गाडीने परत आला.
वही माझ्याकडे आहे. एकशे चौदा नावं.
आईचं नाव त्यात नाही.
ती शेजारीच राहायची,
लिहायचं राहून गेलं असेल.