चुटकी

आमच्या बांगा गावात नुसता हात मिळवून भागत नाही.
पंजा पंज्यात, आणि मग सुटता सुटता
मधलं बोट मधल्या बोटात अडकवून
चुटकी वाजवायची, दोघांत मिळून एक.
नाही वाजली तर पुन्हा.
झुबा कोळसेवाला हट्टाने तीनदा वाजवायचा
आणि जाताना माझ्या कापडावर पाच काळी बोटं.
अरे, पाद्रीबाबांचा झगा आहे हा!
तो हसायचा. झगा मी पुन्हा धुवायचो.

मग रेडिओवर तो आजार आला.
आधी सीमेपलीकडे, मग बाजारात,
मग समोर, गोर्पूच्या घरात.
हात धुऊन मागे लागला आमच्या,
म्हणून आम्हीही हात धूत राहिलो.
चर्चच्या दारात बादली, बँकेच्या दारात बादली,
ताडीच्या टपरीवरसुद्धा बादली,
तळाशी तोटी, आत क्लोरीनचं पाणी.
गिऱ्हाइकांच्या नोटा मी त्यात बुचकळून
दोरीवर वाळत घालायचो, चड्ड्यांशेजारी.
माप घ्यायचं बंद. ज्याने त्याने आपली छाती
आपणच मोजून ओरडून सांगायची.
सगळे दोन-दोन इंच फुगवून सांगत.

गोर्पूने तापलेल्या लेकराला उचललं होतं.
"मग काय काठीने थोपटू?"
खिडकीतून ती एवढंच म्हणाली.
लेकरू गेलं. गाडी तिलाही घेऊन गेली.
दीड महिन्याने ती चालत परत आली,
हातात एक सर्टिफिकेट, प्लास्टिकमध्ये घातलेलं.

परवा रेडिओने सांगितलं, संपलं.
काल सकाळी झुबा दारात उभा.
हात पुढे. मी आधी बादलीकडे पाहिलं.
मी पाहिलं, हे त्याने पाहिलं.
काही न बोलता गेला, तोटी सोडली,
कोपरापर्यंत घासले हात. मग मीही घासले.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसलं,
त्याच्या तळव्यावर भाजल्याचा एक जुना डाग आहे.

पंजा पंज्यात. मधलं बोट मधल्या बोटात.
सटकलं.
पुन्हा. पुन्हा सटकलं.
ओल्या बोटांची चुटकी वाजत नाही.
"वाळू दे," झुबा म्हणाला,
आणि आम्ही दोघं उन्हात हात वर धरून उभे,
कुणी बंदूक रोखल्यासारखे.

समोर गोर्पू अंगण झाडत होती.
तिने आमच्याकडे पाहिलं, मग पुन्हा झाडू लागली.
रस्ता बारा पावलांचा आहे, मी मोजलेला.
हात कधीचे वाळले होते.