हाय

नऊची वेळ. आठ पन्नासला तिघं शिरोलीच्या गेटवर.
वॉचमन म्हणाला, "अजून धा मिनिटं हाईत, बसा की गाडीत."
मी सांगितलं, आणि ते खरंच परत जाऊन बसले.

मी दुभाषी. याच फाउंड्रीत
पॅटर्न करणाऱ्या सुताराची लेक.
चार वर्षं पुण्यात रंधा मारून
ही भाषा हाताला बसवली.

कार्डाचं बाळगोंडाअण्णांना रात्रीच बजावलं होतं:
दोन्ही हातांनी घ्या, वाचा, खिशात कोंबू नका,
बस्तीत गंधोदक घेता तसं.
अण्णांनी तस्संच घेतलं
आणि सवयीनं कपाळाला लावलं.
कुनिएदा-सान आणखी चार बोटं खाली वाकले.

अण्णा बोलत होते, समोर माना हलत होत्या: हाय, हाय.
अण्णा माझ्या कानात, "हाय म्हणत्यात की गं! म्हंजे हाय!"
नाही अण्णा. त्यांचं हाय म्हणजे ऐकतोय.
आपलं हाय वेगळं.

दर सांगून झाला.
मग कुणीच बोलेना.
भट्टीची घरघर काचेतून आत येऊन टेबलावर बसली,
चहावर साय धरली.
आमच्याकडं दर ऐकून माणूस गप्प झाला
तर सौदा फिसकटला म्हणून समजायचं.
अण्णांनी तोंड उघडलं, "तीन टक्के..."
आणि टेबलाखाली मी त्यांच्या बुटावर पाय दिला.
मालकाच्या बुटावर. सुताराच्या पोरीनं.

एक मिनिट. दोनही असेल.
ते विचार करत होते.
मी घामेजत होते.

शेवटी कुनिएदा-साननी दातांतून हवा आत ओढली:
दर ठीक. पण एवढे नग यंदाच... जरा अवघड.
शब्दाला शब्द दिला असता, तर अण्णांनी
अवघड सोपं करायला बाह्या सरसावल्या असत्या.
मी म्हणाले, "ते 'बघू की' म्हणतायत."
अण्णांना तत्क्षणी कळलं.
माझ्या बापाला पगारवाढीचं
अकरा वर्षं ते हेच सांगत आलेत.

जाताना पॅटर्न शॉपमध्ये
म्हातारे हायाशिदा-सान, दिवसभर एक शब्द न बोललेले,
सागवानी साच्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.
मग बापापुढं कार्ड धरलं.
बापानं भुसा झाडला, कार्ड घेतलं,
आणि द्यायला आपलं काही नाही म्हणून
कानावरची पेन्सिल काढून
दोन्ही हातांनी पुढं केली.
हायाशिदा-साननी ती वाचली.
दातांच्या खुणा होत्या तिच्यावर.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलायचं नसतं.
अण्णा उन्हात उभे, हात मांड्यांना चिकटवून,
"गेली का गं हायवेला?"
गेली.
खांदे सैल सोडत, माझ्याकडं न बघता म्हणाले,
"तुझ्या बाबाचंबी कायतरी बघू की."

मी कमरेतून वाकले, नीट, शिकवलं होतं तितकं.
म्हणाले, "हाय."