पोचे आलेले डबे

गुरुवारी पहाटे मी व्हॅन काढतो.
मालिंडा बॉर्नट्रेगर मागच्या सीटवर,
मांडीवर रोकड्याची कापडी पिशवी.
ती मला इंग्रज म्हणते.
माझे आजोबा पोलंडचे,
मी विस्कॉन्सिनबाहेर फारसा गेलेलो नाही.
पण जाकिटाला चेन आहे, गाडीला इंजिन,
म्हणजे इंग्रज.

सत्तर मैलांवर गोदाम.
ट्रक उलटून, छप्पर गळून, तारीख टळून
मोठ्या दुकानांनी टाकलेला माल तिथे ढिगाने विकतात.
ती एकेक डबा फिरवते, अंगठ्याने दाबते.
फुगलेला नको. पोचा चालेल.
फुगलेल्यात विष असतं, म्हणते,
पोचा म्हणजे कुठेतरी पडला होता, एवढंच.

दुकानाला नाव नाही. वळणावर खडूची फळी:
अंडी. डबे. रविवारी बंद.
आत उजेड छपराच्या काचेतून येईल तेवढा.
आभाळ भरून आलं की लोक टोमॅटो समजून बीट नेतात
आणि पुढच्या आठवड्यात हसत सांगायला येतात.
उधारी पेन्सिलीने लिहिलेली,
म्हणजे खोडता येते.

लेबल निघालेले डबे वेगळ्या खोक्यात, दहा सेंटला एक.
मेनोनाइटांचा एल्व्हिन झिमरमन,
ज्याच्या ट्रॅक्टरला रबराची चाकं चालत नाहीत,
सहा-सहा घेऊन जातो.
जेवणाआधी अकरा पोरं भोवती बसतात, आत काय ते ओळखायला.
पैज नाही हं, तो मला बजावतो, पैज पाप.
नुसता अंदाज.
एकदा कुत्र्याचं खाणं निघालं.

आणि महिन्यातून एकदा निळी गाडी येते.
ड्रुसिला. मालिंडाची तिसरी.
गावात टायरच्या दुकानात हिशेब लिहिते.
बाप्तिस्म्याआधी गेली असती तर चाललं असतं;
शब्द देऊन गेली.
म्हणून तिच्या हातून काही घ्यायचं नाही.
हातून.

घेवडा, दोन. पीच. यीस्टची पुडी.
किती झाले, ती त्यांच्या जर्मनमध्ये विचारते.
आई त्यांच्या जर्मनमध्ये सांगते.
मी मागे ओटच्या पिशव्या मोजतो,
मोजून झालेल्या पुन्हा.
ती नोट फळीवर ठेवते, हात मागे घेते.
आई नोट उचलते.
सुटे फळीवर ठेवते, हात मागे घेते.
दोघी जणी घाई करत नाहीत.

त्या गुरुवारी गोदामात
मालिंडाने एक बिनलेबलाचा डबा
कानाशी धरून बराच वेळ हलवला होता,
आणि खोक्यात न टाकता पिशवीत, नोटांवर ठेवला होता.
आता तो फळीवर आला.
ड्रुसिलाने पाहिलं. दहा सेंट ठेवले.
डबा उचलला, तसाच कानाशी नेला, हलवला,
आणि चेहरा वळवून दाराकडे चालू लागली.

नाणं तिथेच राहिलं.
गिऱ्हाइकं आली, पिठाची पोती सरकली,
एका पोराने ते उचलायला बोट पुढे केलं
तर मालिंडाने नुसतं पाहिलं.
दुपारी मी निघालो तेव्हाही
वहीत त्याची नोंद नव्हती.

काय होतं त्यात, मी विचारलं.

तुम्हा इंग्रजांना, ती म्हणाली,
सगळ्यावर लेबल लागतं.
पुढच्या गुरुवारी साडेचारला ये.
मैदा येणार आहे, ओला झालेला, पण वरवरचा.