दक्षिणेची भिंत

पुस्तक लाइपझिगच्या माळ्याचं, वाल्दिव्हियाच्या आत्यानं पाठवलेलं,
कुणीतरी स्पॅनिशमध्ये आणलेलं.
त्यानं शब्द सगळे पालटले,
महिने तसेच ठेवले.
सूर्यही ठेवला तिथेच, दक्षिणेला.

मी तेव्हा फेरीबोटीच्या तिकीटखिडकीतून नुकती सुटले होते,
केमचीत, जिथे पाऊस पाहुणा नसतो, भाडेकरू असतो.
छापलेल्यावर विश्वास ठेवायची सवय होती हाताला.

एप्रिल, म्हणालं पुस्तक, जमीन जागी होते, वाटाणा पेरा.
शेजारी सफरचंदं उतरवत होते, त्यांची दारू गाळत होते,
मी वाटाणा पेरत होते.
कुजला. दाणा न् दाणा कुजला.

जर्दाळूला उबदार भिंत द्या, दक्षिणेची.
दिली. तीन वर्षं दिली.
झाड शेवाळाचा स्वेटर घालून उभं राहिलं.

‘आठवड्यातून दोनदा पाणी’, हे वाक्य मी
ओतिलिया नाउएलकिनला मोठ्यानं वाचून दाखवलं.
ती इतकी हसली की कुंपण धरावं लागलं तिला.
मग मला दंडाला धरून घराच्या त्या बाजूला नेलं
जिथे मी सरपण रचायचे,
आणि माझा तळवा उत्तरेच्या फळ्यांवर टेकवला.
जुलै होता. लाकूड कोमट होतं,
नुकत्याच उठलेल्या माणसाच्या उशीसारखं.

पेन्सिल घेतली. एप्रिलवर काट, ऑक्टोबर.
मार्चवर काट, सप्टेंबर.
सहा मिळवले की झालं, असं वाटलं मला,
जणू पृथ्वी घडी घातलेला कागद.

तसं नसतं.
बर्फाच्या पांघरुणाखाली लसूण झोपू द्या, म्हणे.
कुठलं बर्फ? इथे खाडी रात्रभर श्वास सोडते
आणि लसूण ओल्या अंगानं जागतो,
उंच वाफ्यावर, खाली समुद्राचं शेवाळ.
चंद्राचं पोट डावीकडे आलं की बटाटा लावा:
तिथे तो झिजत असतो, इथे भरत असतो.
म्हणजे चंद्रसुद्धा.

समास भरले.
‘नोत्रो लाल झाला की’, ‘ओतिलियाला विचार’,
‘या ओळीत काही खरं नाही’.
उंटावरून शेळ्या हाकणारा तो गृहस्थ,
त्याच्या स्वतःच्या बागेत सगळं छान येत असणार.
आता राग नाही येत.

परवा मायतेचं पत्र. भाची माझी. ड्रेस्डेन, तिसरा मजला,
सामानात लपवून नेलेले माझे चार काळे बटाटे.
मावशी, कधी लावू?

मी लिहिलं, सप्टेंबर,
आणि हात थांबला.
खोडलं. खाली लिहिलं:
आधी दुपारी भिंतींना हात लावून ये.
आणि खालच्या मजल्यावर कुणी म्हातारं
कुंड्या सांभाळत असेल, तर त्याला बटाटा दाखव.
हसलं तर हसू दे.