रॉलिन्स, वायोमिंग : रस्ता बंद

आय-ऐंशीवर दांडा आडवा पडलाय.
पुढे लॅरामीपर्यंत वारा
रिकामे ट्रक कुशीवर निजवतोय.

कॉफी ओतताना व्हर्लीन म्हणाली,
ओला दिसतो ना, तो ओला नसतो.
तिथं ब्रेकला पाय लावू नकोस.
जाईल तिकडे जाऊ दे गाडीला थोडं,
मग हळूच वळव.

तिचा नवरा बर्फाचा नांगर चालवतो.
कालपासून फोन नाही.
ती घड्याळाकडे बघत नाही,
खिडकीकडेही नाही.
त्याच्या नावाचा मग मात्र
तिसऱ्यांदा पुसला.

चारला दांडा उठला.
आम्ही ओळीत, इंजिनं धडधडत,
आणि समोरून नारिंगी दिवा फिरवत
एक नांगर.
आत कोण, ते काचेवरच्या मिठानं
दिसू दिलं नाही.

त्याच्यामागचा रस्ता
ओला दिसत होता.