रहाटे कॉलनीच्या सिग्नलवर

डॅशबोर्डावर लाल त्रिकोण उगवला
त्या दिवशी पारा सेहेचाळीसच्या वर.
मी म्हटलं, गाडीलाही ऊन लागलं असेल.
नीलिमा म्हणाली, मग कांदा ठेव तिच्या खिशात.

उईके मिस्त्रीने मागची सीट काढली.
बाजूला बॅटरीचा पंखा, पंख्याच्या जाळीवर
सावरीचा कापूस, शेंगदाण्याची सालं,
पार्किंगची एक पावती, अक्षरं उडालेली.
"हिले श्वासच घेता येऊन नव्हता राह्यला, साहेब."

मग पेटी उघडली. अठ्ठावीस सेल,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे.
मीटरची टोकं लावत तो आकडे बोलत गेला:
सात नऊ. सात आठ. सात नऊ.
सहा एक.
तिथे खडूची फुली.
शेवटपर्यंत तीन फुल्या झाल्या.

नवी पेटी एक लाख पंच्याऐंशी हजार, येणार सहा आठवड्यांनी.
नुसते तीन बदलले तर सव्वीस,
"पण लिहून नाही देत. आज हे तीन,
उद्या कोणता बसते, मले नाही माहीत."
आहे तशी विकली तर पंच्याण्णव.
वाडीचा लांजेवार पाहून गेला.
आत बसलाही नाही.
फक्त पेटीचं वजन विचारलं.

एकतीस वर्षं मी कोळशाच्या खाणीत सर्व्हे केला.
उमरेडच्या सुरुंगांनी कान नेले, आधी डावा.
रिटायर झालो आणि ही घेतली, सेकंडहँड,
तेव्हा ऑफिसातले हसले,
कोळसेवाला बॅटरीवर चालला म्हणून.
मी काही हवा स्वच्छ करायला घेतली नव्हती.
ट्रायलच्या दिवशी रहाटे कॉलनीच्या सिग्नलला
ती एकदम गप्प झाली.
मला वाटलं, बंद पडली.
तेवढ्यात नीलिमा मागच्या सीटवरून काही म्हणाली
आणि मला ऐकू आलं.
काय म्हणाली ते आता आठवत नाही.
बहुतेक डावीकडच्या ऑटोबद्दल असावं.

नऊ वर्षं आम्ही सिग्नलवर बोललो.
घरी कूलर, टीव्ही, शेजारचं बांधकाम.
इथे नव्वद सेकंद.
पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं
ते मला व्हरायटी चौकात कळलं,
नीलिमाची साखर शंकरनगरला.
हिरवा लागला की मागचे हॉर्न मारायचे
आणि वाक्य पुढच्या चौकापर्यंत
तोंडात धरून बसायचं.

पोरगी फोनवर म्हणाली, बाबा,
सव्वीस हजारात कानाचं बरं मशीन येतं.
खरं होतं. म्हणूनच राग आला.
एक आहे माझ्याकडे, कपाटात, शिट्ट्या मारतं.
रात्री कागद घेतला, बेरजा केल्या,
उलट्या बाजूलाही केल्या.
कुठूनही धरलं तरी लांजेवारच जिंकत होता.

सकाळी उईकेला फोन केला. तीन बदल, म्हटलं.
तो काहीतरी बोलला,
मी ऐकल्यासारखं केलं.

शनिवारी रात्री गाडी आणली.
नीलिमा या वेळी पुढे बसली.
लोकमत चौकात हिरवाच मिळाला,
मी उगाच हळू केली, शिवी खाल्ली.
रहाटे कॉलनीला लाल.
इंजिन जरा थरथरलं. थरथरतच राहिलं.
मी स्टेअरिंगकडे पाहत बसलो,
जसं काही त्यावर लिहून येणार होतं.
मग थांबलं.

"काय?" मी म्हटलं.
"मी काही बोललेच नाही," ती म्हणाली.

ऐकू आलं.
अजून एकेचाळीस सेकंद होते.